वाट्याला आलेले धन्यवचन : कृपाबाई सत्यनाथन

चेन्नई सेंट्रल स्थानकातून बाहेर पडले की रस्त्यापलीकडेच मद्रास मेडिकल कॉलेजचे विस्तीर्ण आवार लागते. तेथून कूवम नदी ओलांडून नैर्ऋत्येकडे चालू लागले, तर अर्ध्या तासाच्या आत चिंताद्रिपेठ ही जुनी वस्ती येते. १७३४ साली इंग्रज कंपनीने विणकरांसाठी ही पेठ वसवली आणि पुढे एकोणिसाव्या शतकात येथे झायन मंडळीचे उपासनामंदिर उभे राहिले. कॉलेज आणि मंडळी यांच्या मधल्या या एवढ्याशा वाटेवर अहमदनगरच्या एका ख्रिस्ती मुलीचे आयुष्य अडखळले आणि मग दुसऱ्याच दिशेने चालू लागले. त्या मुलीचे नाव कृपाबाई. लग्नानंतरचे आडनाव सत्यनाथन, माहेरचे खिस्ती. (हे आडनाव ऐकून पुष्कळांची गल्लत होते, ते मूळचे ब्राह्मणी आडनाव आहे, बाप्तिस्म्याने आलेले नव्हे.) इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्या मराठी मंडळ्यांत मात्र ते क्वचितच ऐकू येते.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभी उच्चारलेली धन्यवचने आपल्यापैकी बहुतेकांनी शब्बाथ शाळेत पाठ केली आहेत. एका दमात, एका सुरात ती म्हणून दाखविली म्हणजे शिक्षकांची शाबासकी मिळत असे. पुढे मोठेपणी आपण त्यांतील एखादे मनाशी धरतो. कोणी शांती करणाऱ्यांचे वचन घरात भिंतीवर लावतो, कोणाला अंतःकरणाच्या शुद्धतेचे वचन प्रिय असते. परंतु निवडलेले वचन आणि वाट्याला आलेले वचन ही दोन निरनिराळी असू शकतात. कृपाबाईंच्या चरित्राकडे या अंगाने पाहावे असे मला फार दिवस वाटत होते. त्यांच्या आयुष्याचे हे वाचन माझे आहे, त्यांच्या तोंडी मी ते घालीत नाही.

कृपाबाईंचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) झाला. वडील हरिपंत व आई राधाबाई यांची चौदा अपत्ये. त्यांत कृपाबाई तेराव्या. मुंबई इलाख्यातील ब्राह्मण समाजातून ख्रिस्ताकडे आलेल्या अगदी आरंभीच्या कुटुंबांपैकी हे एक. १८३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यामुळे हरिपंतांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. जिवंतपणीच घरच्यांनी आंघोळ करून मोकळे व्हावे, पाणवठा बंद व्हावा, वडिलोपार्जित घराचा उंबरठा परका व्हावा. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क कायम ठेवणारा कायदा १८५० साली झाला. त्यापूर्वी तेवढाही आधार नव्हता. सौम्य जनांना प्रभूने जे अभिवचन दिले, ते आपल्या मराठी शास्त्रात वतन या शब्दाने सांगितले आहे. पाटीलकी, कुलकर्णीपण आणि जोशीपण यांच्या वतनांवर जगलेल्या या प्रदेशात तो शब्द पोथीतला नव्हता, पोटापाण्याचा होता. वतन सोडून आलेल्या माणसाला वतन मिळेल असे सांगणे, हे त्या पहिल्या पिढीला कसे ऐकू आले असेल!

हरिपंतांनी निदान आपल्या इच्छेने पाऊल उचलले होते. राधाबाईंचे तसे नव्हते. त्या वयाने लहान होत्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या होत्या, आणि नवरा ज्या घरात जाऊन राहिला तेथे त्यांना मनाविरुद्ध आणले गेले. कृपाबाईंनी आपल्या ‘सगुणा’ या आत्मकथनपर कादंबरीत आईवडिलांची ही कहाणी विस्ताराने सांगितली आहे, आणि माझ्या मते त्या पुस्तकातील सर्वांत सुंदर भाग तोच आहे. त्या घरात राधाबाई पुष्कळ रडल्या, त्यांनी आपले अन्न वेगळे शिजविले, आपले देव सोडले नाहीत. हरिपंतांनी सक्ती केली नाही. ते थांबले. एकाच छपराखाली दोन धर्म नांदत राहिले आणि हळूहळू, पतीच्या धीराकडे पाहत पाहत, त्या स्त्रीचे मन वळले. कृपाबाईंनी या वळणाची घाई केलेली नाही. आईचा हट्टही त्यांनी तितक्याच प्रेमाने रंगविला आहे. ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या आईत त्यांना केवळ अंधार दिसत नाही, हे त्या काळच्या मिशनच्या वाङ्मयाशी तुलना केली म्हणजे विशेष जाणवते. सौम्यता हा गुण मी प्रथम या राधाबाईंच्या आणि हरिपंतांच्या गोष्टीत ओळखला. नमते घेणे वेगळे आणि सौम्य असणे वेगळे.

हरिपंत लवकर वारले. एवढ्या मोठ्या संसाराचा भार राधाबाईंवर आणि थोरला मुलगा भास्कर याच्यावर पडला. हा भास्कर कृपाबाईंचा गुरू. बहिणीला पुस्तके वाचायला देणे, तिच्याशी बरोबरीने चर्चा करणे, डोंगरावर फिरायला नेऊन आपल्या मनातले मनोरथ तिला सांगणे, हे सारे त्याने केले. आपल्या देशभगिनींसाठी काही करण्याची आकांक्षा त्याने तिच्या मनात रुजविली. धार्मिकतेची भूक आणि तहान लागणे म्हणजे काय, हे त्या मुलीला पहिल्यांदा या भावाकडून कळले असावे. नगरच्या परिसरातील उघडेबोडके माळ आणि दूरवर दिसणारे डोंगर त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या चित्रांत कोठेतरी भास्कर असतोच. पण तोही ऐन तारुण्यात गेला. वडिलांनंतरचे हे दुसरे मरण. मुलगी खचली. हवापालटासाठी तिला दोन युरोपियन मिशनरी स्त्रियांकडे राहण्यास पाठविण्यात आले आणि नंतर मुंबईच्या एका झनाना मिशनच्या वसतिशाळेत घालण्यात आले.

या दिवसांतला एक अनुभव सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. मिशनच्या बंगल्यात देशी ख्रिस्ती माणसाला कसे वागविले जात असे, याचे चित्र ‘सगुणा’त आहे. दया होती, परंतु ती उंचावरून खाली येणारी होती. पंगतीचा, बसण्याउठण्याचा भेद होता. ज्यांनी जातिभेद सोडून सारे गमावले, त्यांच्या मुलीला प्रभूच्या घरातच पुन्हा पायरी दाखविली जावी, हे त्या तेजस्वी मुलीला सहन झाले नाही आणि तिने ते लपविलेही नाही. नम्रतेचे धडे देणाऱ्या काही वडीलधाऱ्यांना तिचा हा स्वभाव गर्विष्ठ वाटला असणार. मला मात्र येथे प्रामाणिकपणे सांगावेसे वाटते की, सौम्य जनांचे वचन कृपाबाईंना सहजी लागू पडत नाही आणि ओढूनताणून ते लावण्यात अर्थ नाही. संतांची चरित्रे लिहिताना आपण प्रत्येकाला आठही वचनांचे दागिने चढवितो. माणसे तशी नसतात. कृपाबाई मानी होत्या, चटकन दुखावत आणि अन्याय दिसला की बोलत. त्यांची भूक न्यायाची होती, आणि भुकेल्या माणसाचा स्वर नेहमीच मवाळ नसतो.

मुंबईच्या शाळेत त्यांची ओळख एका अमेरिकन स्त्री डॉक्टरशी झाली. पडद्याआड, अंधाऱ्या माजघरात उपचारावाचून मरणाऱ्या स्त्रियांसाठी वैद्यक शिकावे, हा निश्चय तेथे झाला. भास्करने दिलेल्या स्वप्नाला आता हातपाय फुटले. इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी शिष्यवृत्तीही मिळाली. हे १८७८ च्या सुमाराचे, म्हणजे पंडिता रमाबाई आणि आनंदीबाई जोशी यांच्या परदेशप्रयाणाच्या पाच वर्षे आधीचे आहे, हे ध्यानात घ्यावे. परंतु शरीर साथ देईना. विलायतेची हवा या नाजूक प्रकृतीला मानवणार नाही, असे ठरले आणि जहाज हुकले. मद्रासच्या मेडिकल कॉलेजने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश देण्यास आरंभ केला होता. तेव्हा इंग्लंडऐवजी मद्रास, असे ठरवून सोळा वर्षांची ही मुलगी १८७८ साली दक्षिणेच्या गाडीत बसली.

मद्रासमध्ये त्यांच्या राहण्याची सोय रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी झाली. चर्च मिशनरी सोसायटीचे हे नामांकित तमिळ पाळक. चिंताद्रिपेठेतील झायन मंडळी त्यांच्याकडे होती. तेही तरुणपणी हिंदू घरातून ख्रिस्ताकडे आलेले, त्यामुळे हरिपंतांच्या मुलीची पार्श्वभूमी त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या पत्नी अन्नाबाई या रेव्हरंड जॉन देवसहायम यांच्या कन्या. घरोघरी जाऊन स्त्रियांना शिकविणे, मुलींच्या शाळा चालविणे हे त्यांचे जीवितकार्य, आणि आदर्श मातेविषयी त्यांनी तमिळमध्ये लिहिलेले पुस्तकही प्रसिद्ध आहे. भाषा निराळी, जेवण निराळे, हवा दमट. तरी नगरच्या मुलीला तेथे घर मिळाले.

पहिल्या वर्षी त्यांनी उत्तम यश मिळविले. शिक्षक आनंदले. आता हे रोपटे वाढणार, असे सर्वांना वाटू लागले. आणि वर्षभरातच प्रकृती पार ढासळली. अभ्यास सोडावा लागला. १८७९ साली त्या विश्रांतीसाठी पुण्यास बहिणीकडे परतल्या आणि डॉक्टर होण्याचे स्वप्न तेथेच संपले. त्यावेळी त्यांचे वय अवघे सतरा.

प्रिय वाचकहो, आपण येथे क्षणभर थांबू या. ज्यांना धार्मिकतेची भूक लागली ते तृप्त होतील, हे प्रभूचे अभिवचन. या मुलीला भूक लागली होती. तिने ताट मागितले होते ते स्वतःसाठी नव्हे. ताट समोर आलेही, आणि पहिला घास घेताच ते उचलले गेले. असे का व्हावे, याचे उत्तर मला देता येत नाही. अशा वेळी आपण फार घाईने बोलतो. देवाची योजना वेगळी असेल, हे वाक्य खरे असूनही ते दुसऱ्याच्या दुःखावर झाकणासारखे घातले म्हणजे खोटे वाटू लागते.

सुमारे एका वर्षाने कृपाबाई मद्रासला परतल्या. सत्यनाथन यांचा मुलगा सॅम्युएल इंग्लंडात केंब्रिज येथे शिकून आला होता. दोघांची मने जुळली आणि १८८१ साली त्यांचा विवाह झाला. मराठी वधू, तमिळ वर. आजही आपल्या मंडळ्यांत अशा विवाहाची चर्चा होते. त्या काळी तर भाषेची आणि प्रांताची सीमा ओलांडणे किती मोठे होते! सॅम्युएल यांची नेमणूक उटकमंड येथील ब्रीक्स मेमोरियल शाळेचे मुख्याध्यापक म्हणून झाली आणि निलगिरीच्या थंड हवेत कृपाबाईंची प्रकृती सुधारली. येथे त्यांनी चर्च मिशनरी सोसायटीच्या साहाय्याने मुसलमान मुलींसाठी एक शाळा काढली आणि इतरही मुलींच्या शाळांत त्या शिकवू लागल्या. ज्या हातांनी नाडी पाहायची, त्यांनी आता पाटीवर अक्षरे गिरविली. येथेच त्यांनी लेखणी उचलली. तोडा लोकांच्या वस्तीला दिलेल्या भेटीवर त्यांनी लेख लिहिला. एक भारतीय स्त्री एवढीच ओळख ठेवून, नाव न देता त्या वृत्तपत्रांतून लिहू लागल्या.

तीन वर्षांनी पतीची बदली राजमहेंद्रीस झाली, मग कुंभकोणम. गोदावरीचा काठ, कावेरीचा काठ. पण निलगिरीची हवा नव्हती, आणि दुखणे परत आले. १८८६ मध्ये हे दांपत्य मद्रासला स्थायिक झाले. सॅम्युएल पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. कृपाबाईंनी ‘सगुणा’ लिहिण्यास घेतली आणि १८८७-८८ मध्ये ती मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. नगरचे बालपण, भास्कर, आई, मिशनचा बंगला, मुंबईची शाळा, मद्रासचे कॉलेज, सारे त्यात आले. १८८७ च्या फेब्रुवारीत इकडे पुण्याला आनंदीबाई जोशी क्षयाने वारल्या. दोघी एकाच पिढीच्या, दोघींचे स्वप्न एकच. एकीला पदवी मिळाली आणि रुग्ण तपासण्याआधीच मरण आले. दुसरीला पदवी मिळाली नाही आणि मरण थोडे लांबले. दोघींनी आपापले एकुलते एक मूल तान्हेपणीच गमावले.

होय, कृपाबाईंच्या वाट्याला तेही आले. त्यांना एकच मूल झाले आणि ते पहिला वाढदिवसही पाहू शकले नाही. ज्या मनाने वडील, भाऊ आणि आयुष्याचे ध्येय यांचा वियोग सोसला होता, ते मन यावेळी मोडले. त्या दीर्घकाळ खोल निराशेत गेल्या, इतक्या की त्यासाठी उपचार करावे लागले. हे लपवून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. श्रद्धावंत माणसाचे मन असे आजारी पडू नये, अशी आपली समजूत असते, आणि मग पाळकांच्या घरातील सुनेने तर खंबीरच असावे! परंतु येथे विश्वासही होता आणि निराशाही होती. दोन्ही एकाच घरात होती, जशी एके काळी राधाबाईंची चूल आणि हरिपंतांची प्रार्थना एका घरात होती.

आपण समाचाराला जातो तेव्हा काय बोलावे ते सुचत नाही. मग आपण शास्त्रवचने बोलतो. शोक करणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले आहे, हे वचन तर अंत्यविधीच्या वेळी हमखास वाचले जाते. मराठी बोलीत धन्य या शब्दाला आणखी एक छटा आहे. कोणाची फजिती झाली की आपण हाच शब्द उपरोधाने वापरतो. मूल गमावलेल्या आईसमोर हे वचन वाचताना मला त्या दुसऱ्या छटेची नेहमी भीती वाटते. तिच्या कानाला ते थट्टेसारखे तर लागत नसेल?

मत्तयाचे शुभवर्तमान सलग वाचले तर मात्र एक गोष्ट लक्षात येते. डोंगरावरील प्रवचनाच्या तीनच अध्याय आधी, बेथलेहेमातील बालकांच्या हत्येच्या प्रसंगी, मत्तय राहेलीची आठवण काढतो. ती आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन करून घेण्यास नकार देते. मूळ ग्रीकमध्ये तेथे सांत्वनासाठी जो शब्द आहे, तोच शब्द शोक करणाऱ्यांच्या धन्यवचनात पुन्हा येतो. उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोबही योसेफासाठी शोक करताना मुलामुलींचे सांत्वन नाकारतो. म्हणजे प्रभूने ज्यांना धन्य म्हटले, त्यांत समजूत न पटलेले लोक आहेत. अश्रू पुसून शहाण्यासारखे बसलेल्यांपुरते ते वचन नाही. आणखी एक. पहिल्या व आठव्या वचनात स्वर्गाचे राज्य वर्तमानकाळात दिले आहे. शोक करणाऱ्यांना मात्र भविष्यकाळ मिळाला आहे. सांत्वन होईल, असे प्रभू म्हणतो. आजच झाले पाहिजे, असा आग्रह तो धरीत नाही. आपणच तो धरतो.

कृपाबाईंना सांत्वन मिळाले का? मुलाचे दुःख संपले असे काही घडले नाही. उलट १८९० मध्ये सासूबाई गेल्या, १८९२ मध्ये सासरे गेले. ज्या घराने परक्या मुलीला आसरा दिला, ते घर रिकामे झाले. दोघांच्या आठवणी कृपाबाईंनी लिहून काढल्या. स्वतःच्या प्रकृतीसाठी मुंबईस गेल्या असता निदान झाले: क्षय, आणि तो बरा होण्यापलीकडचा. थोडेच दिवस उरले आहेत हे कळल्यावर त्यांनी काय केले? त्या दुसरी कादंबरी लिहावयास बसल्या.

‘कमला’ ही त्या कादंबरीची नायिका. डोंगरात वाढलेली, विद्वान बापाची पोरकी लेक. बालपणी लग्न, सासरचा जाच, पतीची उपेक्षा, मग वैधव्य आणि मुलाचे मरण. कमला हिंदू आहे, आणि कादंबरीच्या शेवटीही ती हिंदूच राहते. तिला नव्या संसाराचा मार्ग खुला असतो. एक सुशिक्षित, सहृदय वैद्य तिच्यापुढे हात करतो. ती तो घेत नाही. उरलेले आयुष्य ती दीनदुबळ्यांच्या सेवेत घालविते. काही टीकाकारांना हा शेवट जुन्या वळणाचा वाटतो, आणि विधवाविवाहाची चळवळ चालू असता कृपाबाईंनी असा शेवट का केला, हा प्रश्न रास्त आहे. मलाही तो पूर्णपणे पटत नाही. पण ज्या अवस्थेत हे लिहिले गेले ती ध्यानात घेतली म्हणजे त्याचा दुसरा अर्थ दिसतो. मूल गमावलेली, मरणाच्या दारात असलेली एक ख्रिस्ती स्त्री आपल्या दुःखाचे रूप आपल्याच मंडळीत शोधीत नाही. ज्या घरांतून तिचे आईवडील हद्दपार झाले, त्याच घरांतील एका सुनेच्या अंगावर ती आपले दुःख पांघरते. तेथे राग नाही, उपदेशही नाही. सासूच्या तोंडच्या टोमण्यांपासून विहिरीवरच्या कुजबुजीपर्यंत सारे बारकाईने पाहिले आहे, आणि दोषांसकट त्या माणसांवर माया केली आहे. नाडी न पाहता केलेले हे रोगनिदान.

दयाळूपणाचे वचन पाचवे. आपण ते दानधर्माशी जोडतो. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या डोळ्यांनी पाहणे, ही दया त्याहून अवघड आहे, आणि ज्याने स्वतः शोक केला नाही त्याला ती सहसा जमत नाही. मिशनच्या बंगल्यातली वरून खाली येणारी दया या मुलीने अनुभवली होती. तिची स्वतःची दया त्या वाटेने आली नाही. ती शोकाच्या वाटेने आली. शोक करणाऱ्यांचे वचन आधी, दयाळूंचे नंतर, असा क्रम प्रभूने ठेवला त्यात काही अर्थ असावा असे मला वाटू लागले ते कृपाबाईंचे चरित्र वाचून.

‘कमला’चे लेखन शेवटच्या आजारातही चालूच राहिले. ३ ऑगस्ट १८९४ रोजी कृपाबाई प्रभूच्या घरी गेल्या. वय बत्तीस. त्याच वर्षी रखमाबाईंचे वैद्यकीय शिक्षण विलायतेत पूर्ण झाले. मराठी स्त्रीला डॉक्टर होऊन मायदेशी दीर्घकाळ सेवा करता येण्याचे दिवस आता आले होते.

‘कमला’ १८९४ मध्ये आणि ‘सगुणा’ १८९५ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. १८९६ साली दोन्ही कादंबऱ्या तमिळमध्ये आल्या आणि त्यांचे संकीर्ण लेखही एकत्र छापले गेले. ‘सगुणा’ व्हिक्टोरिया राणीच्या हाती पडली आणि तिने या लेखिकेची इतर पुस्तके मागविली, असे सांगतात; तोवर लेखिका स्तुतिनिंदेच्या पलीकडे गेली होती. मग जवळजवळ शंभर वर्षे ही पुस्तके विस्मृतीत पडून राहिली. १९९८ साली ऑक्सफर्डने दोन्ही कादंबऱ्या नव्याने प्रसिद्ध केल्या आणि विद्यापीठांतून त्यांचा अभ्यास होऊ लागला.

सॅम्युएल सत्यनाथन यांनी पुढे दुसरा विवाह केला. त्यांच्या या पत्नी कमला याही लेखिका होत्या, आणि १९०१ साली त्यांनी मद्रासहून भारतीय स्त्रियांसाठी इंग्रजी मासिक सुरू केले. १९०६ मध्ये सॅम्युएल परदेशी प्रवासात असता जपानमध्ये वारले.

कृपाबाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्मरणार्थ मद्रास येथे दोन गोष्टी झाल्या. मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजी विषयात पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी एक पदक ठेवण्यात आले. आणि दुसरी, वैद्यक शिकणाऱ्या स्त्रीसाठी त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती. ही शिष्यवृत्ती ठेवली गेली ती सेंट्रल स्थानकासमोरच्या त्याच मेडिकल कॉलेजात, जेथे कृपाबाईंना एकच वर्ष शिकता आले होते.